ठरावात ‘काय म्हणोन’ लिहा : नव्या सरपंचांना आणि त्यांच्या ग्रामसभेला खुलं पत्र

प्रति,
गावोगावचे नवे सरपंच आणि सदस्य,
आणि ज्यांनी त्यांना निवडून दिलं ती ग्रामसभा.

स. न. वि. वि.

मी मोडी वाचणारा माणूस. पोटापाण्याची नोकरी वेगळी होती, ती संपली; मोडी राहिली. लोक घरातली जुनी पेटी उघडतात, तळाशी गुंडाळून ठेवलेले कागद पिशवीत घालतात आणि माझ्याकडे येतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर दारात चपलांचा ढीग असायचा. प्रत्येकाचं म्हणणं एकच : ‘कुणबी लिहिलंय का तेवढं बघा.’ लिहिलेलं असलं तर मोबाइलवर फोटो, नसलं तर चेहरा उतरलेला. त्या एका शब्दाच्या मागेपुढे पाच-पन्नास ओळी असतात. गावानं काय ठरवलं, कुणी कुणाला काय बजावलं, कुणाची शीव कुठवर, सगळं त्यात असतं. ते ऐकायला चहा संपेपर्यंतही कुणी थांबत नाही. हे पत्र त्या उरलेल्या ओळींबद्दल आणि जुन्या कागदांतल्या ‘काय म्हणोन’, म्हणजे ‘का म्हणून’, या दोन शब्दांबद्दल आहे.

निमित्त मात्र वेगळं घडलं. मध्यंतरी नव्या सरपंचांच्या एका प्रशिक्षणात ‘शिवकालीन लोकप्रशासन’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलायला मला बोलावलं होतं. वेळ जेवणानंतरची. सकाळपासून पडद्यावर पोर्टलं, पासवर्ड आणि निधीचे तक्ते बघून मंडळी थकलेली. पुढच्या रांगेत बाया, मागच्या रांगेत त्यांचे यजमान. मी जे सगळे बोलतात तेच बोललो. अष्टप्रधानांची आठ नावं घेतली, रायगड घेतला, दोन-तीन गर्जना केल्या. टाळ्या पडल्या. शाल मिळाली.

चहाच्या वेळी एक सरपंच ताई जवळ आल्या. पस्तिशीच्या असतील. म्हणाल्या, ‘सर, अष्टप्रधान झाले. पण एखादा नवा सुभेदार पहिल्यांदा मुलखात गेला, तर त्याला काम शिकवायचं कोण? आम्हाला तर ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात, इथं सही करा, आणि आम्ही करतो.’

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि परतीची एसटी धरली. कराडपर्यंत तो प्रश्न मांडीवर बसून होता. कारण उत्तर मला येत होतं. माझ्या कपाटातच होतं. चाळीस मिनिटांत मी ते सोडून बाकी सगळं बोललो होतो. ताई, हे पत्र आधी तुम्हाला, आणि मग तुमच्यासारख्या सगळ्यांना.

काम शिकवलं जायचं पत्रातून. राज्याभिषेकाच्या थोडं आधीचं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं. त्यातला भाव तुम्ही ऐकला असेल : रयतेला त्रास देऊ नका. भाषणात आपण एवढंच सांगतो. पण पत्र एवढंच नाही. एवढंच असतं तर एका ओळीत संपलं असतं. पत्र लांबलचक आहे, आणि त्यात गवत आहे, दाणा आहे, चुली आहेत, तंबाखू आहे, दिव्याची वात आहे आणि चक्क उंदीर आहे.

मांडणी बघा. पावसाळ्यासाठी म्हणून पागेला दाणागोटा साठवला होता, त्यातला बराच आधीच्या मुक्कामात खर्च झाला. आता जो उरलाय तो असेल तोवर धुंदीत घोड्यांपुढे टाकाल, तर भर पावसात मिळणार नाही. उपास पडतील. घोडी मरायला लागतील. म्हणजे ती घोडी तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही मुलखाला त्रास द्यायला लागाल. कुणी कुणब्याकडचे, म्हणजे शेतकऱ्याकडचे, दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजीपाला. मग जे कुणबी जीव धरून कसेबसे घरात राहिलेत तेही गाव सोडतील, काही उपाशी मरतील. आणि त्यांना वाटेल की मोगल मुलखात आले होते त्यांच्यापेक्षा तुम्ही वाईट.

मग आगीचा विषय. छपरं गवताची, साठा गवताचा. कुणी भलत्या जागी चूल मांडेल, कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, वारा आहे की नाही बघणार नाही. रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल. एका खणाला लागली की सगळी छावणी जाईल. आणि एकदा जळालं की मग कुणाच्या कितीही माना मारल्या तरी नवा खण उभा करायला लाकूड मिळायचं नाही.

हे वाचताना मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्यानं छावणीत रात्र काढलेली आहे. उंदीर वात नेतो हे सिंहासनावर बसून सुचत नाही. आणि खरी गोष्ट ही, की यात हुकमापेक्षा कारणं जास्त आहेत. ‘करू नका’ एकदा, आणि ‘केलंत तर पुढे काय होईल’ दहा वेळा. घोडा, कुणबी, गवत, आग हे सगळं एका दोरीला कसं बांधलंय ते हवालदाराला दाखवलंय. शिवाय पळवाट ठेवलेली नाही. जे लागेल ते बाजारात जाऊन रास्त भावानं विकत घ्या, कुणावर जुलूम करायची गरजच नाही, हेही त्यातच आहे. असं पत्र वाचून झालेला हवालदार दुसऱ्या दिवशी, पत्रात न लिहिलेला प्रसंग आला, तरी काय करायचं ते स्वतः ठरवू शकतो. ताई, शिकवणं म्हणतात ते हेच.

दुसरं पत्र रामाजी अनंत या सुभेदाराला, मामले प्रभावळी, म्हणजे आजच्या रत्नागिरीकडचा दक्षिण भाग. तारीख ५ सप्टेंबर १६७६. (आज त्या तारखेला आपण शिक्षक दिन करतो हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.) भाजीच्या देठाला मन दाखवू नकोस, हे याच पत्रातलं. देठ तेवढा प्रसिद्ध झाला. पुढचं मागे पडलं. पुढे लिहिलंय ते असं : गावोगाव फीर. ज्या गावात जाशील तिथले कुणबी गोळा कर. कुणाकडे किती माणूसबळ, किती बैल, किती दाणे, ते बघ. ज्याला शेत करायची कुवत आहे, घरात माणसं आहेत, पण जोताला बैल नाही, पोटाला दाणे नाहीत म्हणून अडून बसलाय, त्याला दोन-चार बैलांचे रोख पैसे दे, खंडी दोन खंडी धान्य दे. त्याच्याच्यानं होईल तेवढं शेत करव. पुढे ते पैसे वाढीदिढीनं घेऊ नकोस. मुद्दलच घे, तेही हळूहळू, त्याला तवानगी येईल तसं. या कलमाला दोन लाख लारीपर्यंत खर्च आला तरी चालेल.

लारी म्हणजे वाकवलेल्या चांदीच्या तारेचं नाणं, इराणी आखातातून कोकणात आलेलं. दोन लाख लारी ही काही किरकोळ रक्कम नव्हे. त्याच पत्रात वसुलाचंही आहे : रयतेकडून धान्याच्या जागी रोकड मागू नकोस, जिन्नस घे, साठव, आणि नारळ, खोबरं, सुपारी, मिरी ज्या वेळी महाग विकतील त्या वेळी वीक. म्हणजे बाजारभावाचा धोका कुणब्यानं नाही, सरकारानं घ्यायचा. आता हे वाक्य घेऊन कुठल्याही मार्केट यार्डात उभे राहा, आणि बघा लोक काय म्हणतात.

इथंही तेच. लाभार्थी कोण ते सुभेदारानं कचेरीत बसून अर्जावरून ठरवायचं नाही. गावात जायचं, माणसं समोर बसवायची, आणि ‘कुवत आहे पण साधन नाही’ असा कुणबी डोळ्यांनी ओळखायचा. आपल्याकडे घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव कसं आलं आणि कुणाचं कसं गळलं, याचं उत्तर गावात कुणाला देता येत नाही. ‘सिस्टीमनं उचललं नाही’ एवढंच.

तिसरा कागद या दोघांपेक्षा मोठा, आणि त्याच्या बाबतीत एक गैरसमज आधी दूर करतो. आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नका, ही आज्ञा दर जून महिन्यात महाराजांच्या चित्राखाली मोबाइलवर फिरते. तुम्हीही पुढे ढकलली असेल. ती महाराजांच्या नावानं निघालेली नाही. ती १७१५ सालच्या आज्ञापत्रातली. महाराज जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. आज्ञापत्र लिहिलं रामचंद्रपंत अमात्यांनी असं मानतात. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज या तिघांच्या कारकिर्दी पाहिलेला हा माणूस. महाराजांच्या हाताखाली कारभार शिकलेला. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा मुलूख यांनीच सांभाळला. तेव्हा विचार वरून आला असेल, पण अक्षर पंतांचं.

मला यातली गंमत वेगळी वाटते. १७१४ मध्ये करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीवर दुसरे संभाजीराजे आले, वय सोळाच्या आसपास. साठी ओलांडलेल्या पंतांना या पोराला राज्य करायला शिकवायचं होतं. युरोपात राजपुत्रांना असे उपदेश लिहून द्यायची रीत चांगली रुळलेली होती. इरॅस्मस या डच विद्वानानं तर १५१६ मध्येच एक लिहून ठेवला होता. पण पंतांनी उपदेश केला तो राजाच्याच तोंडून. कागदावर आज्ञा राजाची आहे, ती अमात्यांना केलेली आहे, आणि लिहिणारे स्वतः अमात्य. म्हाताऱ्या मास्तरानं विद्यार्थ्याच्या तोंडी धडा घालावा तसा प्रकार. उद्या राजा उलटा वागला तर त्याला त्याचंच वाक्य दाखवता येईल.

झाडांचा मजकूर आरमाराच्या प्रकरणात येतो हे लक्षात ठेवा. पंत पर्यावरणावर निबंध लिहीत नव्हते. गलबतं बांधायला लाकूड पाहिजे. आपल्या रानातलं सागवान परवानगीनं तोडा, कमी पडलं तर बाहेरून विकत आणा. आंबा-फणसाची लाकडंही आरमाराच्या कामाचीच आहेत, हे ते नाकारत नाहीत. तरी हात लावू देऊ नये, असं म्हणतात, आणि लगेच पुढचे शब्द येतात : ‘काय म्हणोन, की’. का म्हणून, तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लावून ‘लेकरांसारखी’ पुष्कळ काळ जतन करून वाढवलेली असतात. ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पारावार काय? झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडून न्यावं. जबरदस्ती मुळीच करू नये.

‘काय म्हणोन’ हे दोन शब्द मी या कागदात पेन्सिलीनं अधोरेखित करत गेलो तेव्हा लक्षात आलं की म्हातारा कारण दिल्याशिवाय सहसा पुढे सरकतच नाही. गडाचंच बघा. आधी पाणी बघून मग किल्ला बांधावा. एवढ्यावर थांबू नये, साठ्याचं पाणी म्हणून दोन-चार टाकी जादा ठेवावीत आणि ती एरवी खर्च होऊ देऊ नयेत. का? तर लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. झरे आवाजानं आटतात की कशानं, ते भूगर्भवाल्यांनी सांगावं. पण वेढ्यात पाणी संपलेला गड त्यांनी पाहिला असणार. गडावर केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली फेकू नये, जागच्या जागी जाळून ती राख परसात टाकावी आणि घरोघर भाज्या कराव्यात. (केर जाळा असं मी आज म्हणत नाही, त्यात आता प्लास्टिक असतं.) पण तुमच्या घनकचऱ्याच्या फाइलीत, गाडी कुठे जाते आणि माल कुठे ओतते याच्या पुढे, ‘त्या मालाचं गावाला काय होणार’ असा एक रकाना आहे का, बघा.

आता खरं बोलायचं तर पुढचंही बोललं पाहिजे, नाहीतर हेही चाळीस मिनिटांचं भाषण होईल. विद्यार्थी फार चमकला नाही. दुसरे संभाजीराजे शाहू महाराजांपुढे हरले आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं करवीरचं राज्य आटोपशीर झालं. आणि मास्तरांचंही एक आहे. वतनदार म्हणजे राज्याचे भाऊबंदच, त्यांना डोईजड होऊ देऊ नका, कुणाला नवी वृत्ती, म्हणजे वंशपरंपरेची जमीन किंवा हक्क, देऊन राज्य कमी करू नका, हे पंतांनी ज्या कळकळीनं लिहिलंय त्याला तोड नाही. आणि करवीर राज्यात बावड्याची जहागीर कुणाची? पंत अमात्यांच्याच घराण्याची, आणि ती इंग्रज जाईपर्यंत चालली. मी हे पंतांना खाली बघायला लावण्यासाठी सांगत नाही. शहाणपण लिहिता येतं म्हणून ते आपल्या दारात पाळता येतंच असं नाही, इतकंच.

बायकांचं काय, असं ताई तुम्ही विचाराल. ज्या घराण्यात ताराबाईंनी राजाराम महाराजांच्या मागे औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली, त्या घराण्यात राजकारण शिकवणारा ग्रंथ पोरासाठी लिहिला गेला. पण एक उदाहरण दुसरीकडचं आहे. मल्हारराव होळकरांची सुनेला, अहिल्याबाईंना, लिहिलेली पत्रं आहेत. १७६५ मधल्या एकात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे कसं जायचं, वाटेत मुक्काम किती, याच्या सूचना आहेत. तिचे पती खंडेराव कुंभेरीच्या लढाईत पडून तेव्हा अकरा वर्षं झालेली. सासरा सुनेला तोफांच्या गाड्यांचा हिशेब समजावतोय. पुढच्याच वर्षी मल्हारराव गेले, आणि त्यानंतर कारभार तिनं केला, जवळजवळ तीस वर्षं. मागच्या रांगेत बसलेल्या यजमानांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. मल्हाररावांनी तिला काम शिकवलं. तिच्या नावावर स्वतः सह्या मारत बसले नाहीत.

इथवर वरून खाली आलेले कागद झाले. ग्रामसभेसाठी माझ्याकडे खालून वर जाणारा कागद आहे. त्याला मजहर म्हणतात.

वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा उभा राहिला की गोत बसायचं. गोत म्हणजे नुसते भाऊबंद नव्हेत. पाटील, कुलकर्णी, शेतकरी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते, परगण्याचे देशमुख-देशपांडे. दोन्ही बाजू आधी लिहून द्यायच्या की गोत जे ठरवेल ते मान्य. त्या लेखाला म्हणायचे राजीनामा, म्हणजे राजी असल्याचा लेख. (शब्द कुठून कुठे गेला बघा. आता राजीनामा नाराजीनं देतात.) साक्षी व्हायच्या, जुने कागद निघायचे. हरणारा येजितखत लिहून द्यायचा की माझा दावा खोटा पडला. जिंकणारा सरकारात हरकी (आनंदाचा नजराणा) भरायचा, हरणारा गुन्हेगारी (दंड). आणि शेवटी निवाड्याचा मजहर, त्याखाली बसलेल्या सगळ्यांच्या निशाण्या.

माझ्याकडे एका घरचा असा एक कागद आठवडाभर होता. लांबच लांब, एकाखाली एक चिकटवलेल्या बंदांचा, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मजकूर संपतो आणि चित्रं सुरू होतात. पाटलाच्या नावापुढे नांगर, चार रेघांत काढलेला, पण रुमणं सुद्धा विसरलेलं नाही. कुलकर्ण्यापुढे लेखणी. सुतारापुढे त्याचं हत्यार, शिंप्यापुढे कातर, वाण्यापुढे तराजू. महाराच्या नावापुढे दोर, पिळासकट. एका ठिकाणी शाई सांडलेली, आणि त्या डागातूनही कुणाची तरी निशाणी अर्धी दिसत होती. यातल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. पण आपण कशाखाली निशाणी करतोय ते त्यांना ठाऊक होतं, कारण तंटा त्यांच्यासमोर चालला होता आणि साक्षीत तेही बोलले होते. शिवेचा वाद असला तर महाराच्या शब्दाला मोल होतं. दगड कुठे पुरलाय ते त्यालाच माहीत.

आणि तोच माणूस चावडीत वर बसू शकत नव्हता. त्याचा दोर बहुतेक वेळा यादीच्या तळाशी. शब्द घ्यायचा आणि माणूस बाहेर उभा करायचा, हा त्या व्यवस्थेचा उघड अन्याय आहे, आणि जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी तो दोर आधी बघावा. म्हणून मला गोतसभा परत नको आहे. आपली ग्रामसभा तिच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सदस्य, बाई असो, बुवा असो, कुठल्याही आळीचा असो. मला फक्त त्या निशाण्या हव्या आहेत. कोण बसलं होतं आणि कशासाठी, हे तीनशे वर्षांनी कळावं अशा.

आपल्या प्रोसिडिंग बुकात काय असतं? ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सविस्तर चर्चा कधीच सविस्तर लिहिलेली नसते. कायद्यानं ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला ती अट नसते. मग ओट्यावर बसलेल्या अकरा जणांत ‘सर्वानुमते’ होतं.

माझ्या गावातलं सांगतो, नाव नको. रस्ता रुंद करायचा होता. रस्ता खरोखर पाहिजे होता. पावसाळ्यात बाळंतिणीला बैलगाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत नेलेली मी पाहिली आहे. ‘रुंदीकरणास अडथळा ठरणारी झाडे काढण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.’ तहकूब सभा. त्या अकरांत मीही होतो. हात वर केला आणि घरी येऊन जेवलो. त्या झाडांत एक रायवळ आंबा होता, एका म्हातारीच्या बांधाला लागून. तिच्या सासूनं कोयीपासून वाढवलेला. पहिली तीन वर्षं विहिरीवरून कळशीनं पाणी घातलेलं, असं ती सगळ्यांना सांगायची. सातबाऱ्यावर झाड नव्हतं, हद्दीचा मेळ नव्हता, म्हणून पैशाचा प्रश्नच आला नाही. आणि पैशाचा प्रश्न नाही म्हटल्यावर तिला विचारायला कुणी गेलंच नाही. सकाळी यंत्राचा आवाज आला तेव्हा ती दारात उभी राहिली. ओरडली नाही. दुपारी ट्रॉलीवर ओंडके चढवत होते तेव्हा तिनं बाहेर येऊन चालकाला तांब्याभर पाणी दिलं.

मी आदल्याच आठवड्यात कुठल्या तरी शाळेत आज्ञापत्रातला आंबा-फणसाचा उतारा ठसक्यात म्हणून दाखवला होता. तोच मी.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. सरपंच, सदस्य, तुम्ही मांडाल त्या प्रत्येक ठरावात एक ओळ वाढवा : ‘काय म्हणोन’. हवं तर ‘कारण’ लिहा, पण ती ओळ भाऊसाहेबांनी मागच्या वर्षीच्या ठरावावरून उतरवलेली नको, तुमच्या तोंडची पाहिजे. हातपंप याच आळीत का, त्या आळीत का नाही. दिवा या खांबावर का. हा ठेका याला का. कारण लिहायला बसलात की दोनांपैकी एक गोष्ट होते. एकतर कारण सापडतं, आणि तुम्ही उद्या कुणालाही तोंड देऊ शकता. नाहीतर सापडत नाही, आणि मग तो ठराव तिथंच थांबवता येतो. शासन निर्णयालाही प्रस्तावना असते. ‘वाचा’ आणि ‘शासन निर्णय’ यांच्या मधली ती. आपण थेट खाली निधीच्या आकड्यावर उडी मारतो. ती प्रस्तावना ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. कंटाळवाणी असते, मान्य. पण अर्ज नामंजूर झालेल्या माणसाला निदान कळेल की कुठल्या कारणानं.

आणि ठरावानं ज्याचं काही जाणार असेल, झाड, गोठा, वाट, पाण्याचा पाट, त्याच्या घरी आधी जा. कायदा मागत नसेल तरी जा. रामाजी अनंताला गावोगाव फिरायला सांगितलं होतं. तुमचं तर एकच गाव आहे.

ग्रामसभेच्या लोकांनो, तुमच्यासाठीही आहे. कारण ऐकल्याशिवाय हात वर करू नका. तहकूब सभेला घरी बसू नका. आणि सरपंच कारण द्यायला लागल्या तर ‘बाईला काय कळतंय’ म्हणून हसू नका. त्या देतायत हेच पुष्कळ आहे, आधीच्यांनी दिलं नव्हतं.

ताई, तुमच्या गावात मी येईन. मानधन नको, शालही नको, घरात सहा झाल्यात. प्रोसिडिंग बुक आणि गावात कुणाकडे जुना मजहर असेल तर तो, दोन्ही एका टेबलावर ठेवू आणि लोकांना बघू देऊ. फक्त एक विनंती सगळ्यांनाच : पेटीत असा कागद सापडला तर त्याला लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका, घडी उलटी मोडू नका, उन्हात धरून फोटो काढू नका. मागच्या वर्षी एकानं हौसेनं लॅमिनेट करून आणला होता. आत शाई उतरली होती आणि निशाण्यांच्या जागी नुसते तांबूस डाग राहिले होते. सुती कापडात सैल गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा आणि वाचायला आणा. पूर्ण वाचायला.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक मोडी वाचणारा